ठिबकच्या अ‍ॅसिडची बाटली

ठिबक सिंचनाच्या नळ्यांत क्षार साचला की आमच्याकडे त्यात अ‍ॅसिड सोडतात. कॅन एखाद्याच घरी येतो. बाकीचे "भाऊ, अर्धी बाटली दे की" म्हणत मागून नेतात. बाटली कसली, तर प्यायच्या पाण्याचीच. जुन्नर-आंबेगावच्या मळ्यांत अजून हेच चालतं, आणि ते बघून माझं डोकं फिरतं.

माझी मुलगी पाच वर्षांची होती. खेळून तहानलेली आली आणि तिनं ओट्यावरची बाटली तोंडाला लावली. गळा आतून भाजला. जीव वाचला, पण आज कॉलेजात जाते, तरी भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय तिच्या घशाखाली उतरत नाही. तेव्हा दवाखान्याच्या दारातच माझी आई बायकोला म्हणाली, "एक पोर सांभाळता येईना व्हय गं तुला?" मग गावही तेच बोलू लागलं. बायको परोपरीनं सांगत होती, "ती बाटली मी ठेवली नव्हती." मी खाली मान घालून उभा राहिलो.

हल्ली अंगणवाडीच्या ताईंबरोबर मी घरोघर फिरतो. अ‍ॅसिड, फवारणीचं औषध मूळच्या कॅनमध्येच ठेवा, कुलपात ठेवा, पाण्याच्या बाटलीत ओतू नका. सांगायचं ते एवढंच. पण ऐकतंय कोण!

"काका, आमचं पोरगं वासानंच पळतंय."

"च्या घ्या पावणं, भाषण पुरं."

परवा पिंपळवंडीच्या एका मळ्यात गेलो, तर खिडकीत तशीच बाटली आणि खाली भिंतीला धरून उभं राहणारं पोर. पोराचा बाप बायकोवर खेकसला, "वर ठिवत जा म्हणून किती येळा सांगायचं? ध्यान कुठं असतं तुझं?"

"भरून कुणी आणली?" ती म्हणाली.

"तू गप."

मला राहवलं नाही. "तिला कशाला बोलतोस? माझ्या घरात ती बाटली मीच भरली होती, शेजाऱ्याला द्यायला. तो आला नाही, मी तिथंच विसरलो. आणि इतकी वर्षं बोलणी बायकोला खाऊ दिली."

 पोराच्या बापानं बाटली उचलली आणि ज्याचा कॅन होता त्याच्याकडे ती परत द्यायला तो निघाला.

असली गोष्ट आपल्याआधी घरी पोचते, म्हणून मी तडक घर गाठलं. बायको भाकऱ्या थापत होती. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला.

"हे आत्यांपुढं, तुमच्या आईपुढं बोलायचं व्हतं," ती म्हणाली. "मरेपर्यंत त्यांनी माझ्या हातचं पाणी पोरीला पिऊ दिलं न्हाई. आता मला काय सांगता? मला तर म्हाईतच व्हतं, मी ठिवली नव्हती."