चित्र बरं झालं की कळवा

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. घोडेगावहून आळेफाट्याला जाणाऱ्या एसटीत मंचरला एक म्हातारबा चढले आणि माझ्याशेजारी बसले. खांद्यावर घोंगडं, मांडीवर फडक्यात बांधलेले घरचे देव. जेजुरीला देवभेट करून परत निघाले होते.

मी चित्रकलेचा मास्तर. हातातल्या पेपरात बातमी होती की परदेशात एका जगप्रसिद्ध चित्रावर कुणीतरी चाकू चालवला. माझा चेहरा बघून म्हातारबांनी हळूच विचारलं, "कोण गेलं, राव?"

मी सगळं सांगितलं.

"तुमी पाह्यलं व्हतं का ते चित्र?"

"पुस्तकात पाहिलंय."

"मग पुस्तकातलं फाटलं का?"

"नाही."

"मंग तुमचं काय फाटलं?"

मला रागच आला. नारायणगावजवळ त्यांनी फडकं सोडून देव नीट आहेत ना, ते पाहिलं. चांदीच्या एका टाकावर खंडोबाला नाकच उरलं नव्हतं. मी मुद्दाम म्हणालो, "सोनाराकडून नवा करून घ्या की."

त्यांनी झटकन गाठ मारली. "येडं का काय! आजीनं, आईनं घासून घासून गेलंय ते नाक. नव्याला आमची काय वळख?"

एवढं बोलून ते बराच वेळ माझ्या पेपराकडं बघत राहिले. फाट्याला उतरताना वळून म्हणाले, "मास्तर, तुमचं चित्र बरं झालं की कळवा."

पत्ता काही दिला नाही. पुढं ते चित्र सांधून परत भिंतीवर लागलं. त्या बातमीचं कात्रण पाकिटात आहे. मंचरला एसटी थांबली की मी अजून दाराकडं बघतो.