नजर हललेले फोटो

आमच्या ह्यांना सगळे खिडकीकाका म्हणतात. कुणाच्याही घरात शिरले की माणसांची विचारपूस राहते बाजूला, आधी खिडक्या बघायच्या. सकाळचं ऊन कुठून येतं, समोरची इमारत आडवी येते का, पडदा काढला तर चालेल का. मग सगळे दिवे बंद करायला लावायचे, सोफा सरकवायचा, आणि खिडकीच्या समोरच्या अंगाला पांढरी चादर धरून मी उभी. भिंत हिरवी असली की मुलाच्या गालावर हिरवट झाक येते, ती ह्या चादरीने जाते. लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझा चेहरा कुठल्या बाजूने बरा दिसतो ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, मला काय आवडतं ते विचारायचं अजून राहिलंय.

धंदा एकच. लहान मुलांचे फोटो, त्यांच्याच घरी, फक्त खिडकीच्या उजेडात. स्टुडिओ कधी थाटला नाही आणि फ्लॅश तर विकतही घेतला नाही. तान्ह्या पोराच्या तोंडावर फ्लॅश मारणं म्हणजे झोपलेल्याच्या कानात शिट्टी वाजवणं, असं त्यांचं म्हणणं. ह्या एका बाबतीत ते नाकावर माशी बसू देत नसत. मला त्याचा अभिमानच होता, आता खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर फोटो निवडायचं काम माझं. एका सकाळचे दोनशे निघतात. डोळे मिटलेले, लाळ गळालेली, नजर हललेली असे सगळे बाजूला काढायचे, चांगले पंधरा आईबापांना द्यायचे आणि बाकीचे त्याच दिवशी पुसून टाकायचे. वाईट फोटो ठेवला की कधीतरी तोच बाहेर जातो, हा ह्यांचा नियम.

ढब्बू आमच्याकडे दोन महिन्यांचा असताना आला. आला म्हणजे आम्हीच जायचो त्याच्याकडे, दर महिन्याला एकदा, वर्षाचा होईपर्यंत. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, पण निजायच्या खोलीला मोठी खिडकी, आणि नऊ ते दहा असा उजेड की हे अगदी खुलायचे. ढब्बूची आई एका दुकानात हिशेब बघायची. आम्ही जायचो त्या दिवशी उशिरा जायची परवानगी घेऊन ठेवायची. फोटो मिळाले की तिचा फोन यायचा. काकू, हा खरंच इतका सुंदर आहे का हो, असं दर वेळी विचारायची. मी म्हणायचे, आहेच मुळी.

काही महिन्यांनी त्याचे नजर हललेले फोटो जास्त यायला लागले. उजवा डोळा माझ्या खुळखुळ्याकडे आणि डावा जरासा नाकाकडे सरकलेला. लहान मुलांची नजर स्थिर नसते, वाढला की बसेल जागेवर, असं मी मनाशी म्हटलं आणि पुसत गेले. ह्यांना बोलले नाही. पण हे त्याला खिडकीशी बसवताना थोडं तिरकं बसवायला लागले होते, डावी बाजू सावलीत जाईल असं. मी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फोटो मात्र दर महिन्याला आधीपेक्षा सुरेख येत होते.

पहिल्या वाढदिवसाला संध्याकाळी त्याच्या मावशीने मोबाइलवर फोटो काढला. खोलीत अंधार, म्हणून फ्लॅश. त्या फोटोत सगळ्यांचे डोळे लाल आले, ढब्बूचा उजवाही लाल. डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी. मावशी हसली, आईला मात्र झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला गाठ होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं, की भर उजेडात बाहुली आकसते, आतलं काही दिसत नाही. अंधारात ती मोठी होते आणि फ्लॅश थेट आत जातो. डोळा काढावा लागेल, नाहीतर गाठ पुढे मेंदूकडे जाईल. चार-पाच महिने आधी आला असतात तर डोळा वाचवायचा प्रयत्न करता आला असता, असंही म्हणाले. आणि जुने फोटो असतील तर आणा, कधीपासून फरक पडलाय ते बघू.

तिने आम्हाला फोन केला. बाकीचे फोटो असतीलच ना तुमच्याकडे, न दिलेले? हे दोन दिवस संगणकासमोर बसून होते. रिकाम्या फोल्डरमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बघत होते. इतक्या महिन्यांत काढलेल्या दोन हजारांवर फोटोंपैकी दीड-एकशे उरले होते आणि त्या प्रत्येकात ढब्बूचे दोन्ही डोळे निर्दोष होते. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. दुसरं काय करणार होते?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी तिने बोलावलं. दोन्ही डोळ्यांचा एक फोटो हवा म्हणाली. आम्ही गेलो. ह्यांनी सवयीने त्याला तिरकं बसवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तिने ते पाहिलं.

"काका, तुम्हाला दिसत होतं?"

हे खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठव्या महिन्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, फोटोत दिसलं नाही म्हणजे झालं. तुम्ही फोटो बघून इतक्या खूश व्हायचात."

ती ढब्बूच्या हनुवटीवरची लाळ पुसत बसली. मला गप्प राहता आलं असतं. आठवा महिना हा आकडा ह्यांच्या माथी बसला होता, माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

"सहाव्या," मी म्हणाले. "सहाव्या महिन्यात अकरा फोटो होते तसे. मी पुसले."

हे वळून माझ्याकडे बघायला लागले. तिने मान वर केली नाही. तिचा हात मात्र थांबला, आणि ती मनातल्या मनात महिने मोजते आहे हे मला कळलं. मग तिने ढब्बूला उचललं आणि खिडकीसमोर, अगदी सरळ, तोंड उजेडाकडे करून बसवलं.

"काढा आता," ती म्हणाली.

ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. बटण त्यांच्याने दाबवेना.