नशिबाचं बटण

छातीतली गाठ मला आंघोळ करताना हाताला लागली. हरभऱ्याएवढी. कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरात अशा जागेचं नावही कुणी घेत नाही, आणि मला तर दुकानदाराशी बोलतानाही घाम फुटतो. शेवंती तोडताना हात आपोआप तिथे जायचा. मी इकडेतिकडे बघून तो खाली घ्यायचे.

मुलगी तेव्हा नाशिकला बारावीत होती. कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत जायची. इंटरनेटला काहीही विचारलं तरी सांगतं, म्हणायची. एकदा फुलबाजारातून परतताना मी तिला म्हटलं, "सिन्नरकडच्या एका बाईला छातीत गाठ झालीय म्हणे. बघ की, काय सांगतंय ते."

कॅफेतल्या प्लायवूडच्या खोक्यात आम्ही दोघी एका बाकड्यावर बसलो. मला वाचता यावं म्हणून तिने पान मराठीत केलं. मधे रिकामी चौकट, खाली दोन बटणं. एक शोधायचं. दुसऱ्यावर नशिबाचं काहीतरी लिहिलेलं होतं.

"हे कशाला?"

"ते दाबलं की यादी येत नाही. थेट एकच पान उघडतं. कुणी दाबत नाही गं ते."

एकच. आमच्याकडे देवीला कौल लावतात, तसं. फूल उजवीकडचं पडलं की हो, डावीकडचं पडलं की नाही. परत विचारायचं नसतं.

"तेच दाब," मी म्हटलं.

तिने 'छातीत गाठ' लिहून ते दाबलं, तसं एक चित्र वरून खाली हळूहळू उतरलं. आधी डोकं, त्यावर एकही केस नाही. मग डोळे, त्यांना भुवया नाहीत. शेवटी तोंड. बाई हसत होती.

"बंद कर."

"अगं, वाचू तर दे!"

मी उठून बाहेर आले.

दसऱ्याचा झेंडू निघाला, दिवाळीचा निघाला. मी डॉक्टरकडे गेले नाही. कौल झाला होता. रोज कंगव्यात अडकलेले केस बघायचे. मुलीची वेणी घालताना वाटायचं, पुढच्या वर्षी हिची हिलाच घालावी लागणार.

पुढे मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरायला आम्ही परत त्याच खोक्यात बसलो. ती हसत म्हणाली, "दाबू का तुझं नशिबाचं बटण?" मी तिचा हात घट्ट धरला.

"आई, भितेस कशाला? कुणीही दाबलं तरी तेच येतं. मी दाबलं काय, नाहीतर त्या काउंटरवरच्या गुटखेवाल्याने दाबलं काय." तिने तेच शब्द लिहून बटण दाबलं. तीच बाई आली.

"मंग ते माझं नव्हतं?"

"तुझं?" तिचं हसू थांबलं. "आई, तुझं काय?"

तिचा हात मी पदराखाली नेला आणि गाठीवर ठेवला. बोटं गार पडली होती तिची.

"सिन्नरची बाई!" एवढंच म्हणून ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती मला दवाखान्यात घेऊन गेली. तेव्हा मी जास्त घाबरले. आधी निदान उत्तर माहीत होतं. आता काहीच माहीत नव्हतं. सुई टोचली, रिपोर्ट यायला वेळ लागला. गाठ साधी निघाली. काढून टाकली.

पण मुलीच्या कॉम्प्युटरवर ती रिकामी चौकट दिसली, की अजून छातीत धस्स होतं. वाटतं, ती बाई आत बसलेली असेल. ती बरी झाली का, हे विचार म्हणून मुलीला सांगायचं मनात येतं. पण अजून सांगितलेलं नाही.