आठ नंबरचा वाफा

हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. जेवणाची सुट्टी चालू आहे, डबा बंदच ठेवलाय, आणि ऑफिसातलं मराठी टाइपरायटरचं मशीन नशिबानं मोकळं सापडलंय. बोटं इतकी भराभर पडतायत की काना-मात्रा चुकणारच, तेवढं संपादकांनी सांभाळून घ्यावं. आणि हो, यात एक गोष्ट आहे जी आपल्याकडे बायका बायकांतसुद्धा कुजबुजत बोलतात. छापायची नसेल तर सगळंच छापू नका. ती गोष्ट काढली तर मागे काही उरतच नाही.

परवा आमची तुळस जळली.

आम्ही अंधेरीला चाळीत राहतो, गॅलरीत तुळशीची कुंडी आहे. दिवाळीसाठी चाळीला चुना मारणं चालू होतं. सकाळी उठून बघते तर पानं करपलेली, कडा तपकिरी, कोणी विस्तवाजवळ धरल्यासारखी. आई बाहेर आली. तिनं कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेजारी ऐकणार नाहीत अशा आवाजात म्हणाली, "खरं सांग. शिवलीस का?"

"आई, माझे दिवस अजून लांब आहेत गं."

"मग उगाच जळली?"

तेवढ्यात शिडीवरून रंगारी ओरडला, "अवो, त्या पोरीला नका बोलू! काल बादली धुतलेलं पाणी मीच टाकलं तिथं. चुन्यानं झाड मरतंय, माझ्या ध्यानातच नाही आलं."

मी कुंडीतल्या मातीवरून नख फिरवलं. नखात पांढरी पापडी आली. आणि उभ्याउभ्या मला सहा वर्षांपूर्वीचा एक हौद दिसला. बागेतला. दुधाळ पाण्याचा.

तेव्हा मी तेरा वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या बाजारामागच्या सार्वजनिक बागेत मुलांचा वर्ग भरायचा. सकाळी सातला जायचं. आधी लंगडी, मग डोळे बांधून झाड ओळखायचं, म्हणजे साल चाचपायची, पान चुरगळून हुंगायचं. आणि शेवटी आपापल्या वाफ्याला पाणी. प्रत्येकाला खाटेएवढा एक वाफा आणि लाकडाची छोटी पाटी, पाटीवर नंबर. बाई आम्हाला नंबरानंच हाका मारायच्या, मग आम्हीही तेच करायला लागलो. मी सात.

माझ्या शेजारची आठ. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई आमच्या बाजारात मासळी विकायला बसायची आणि हिला सोबत आणायची. बाईंनी हिला बागेच्या कुंपणाशी उभी राहून बघताना पाहिलं आणि आत घेतलं. बाई चांगल्या होत्या. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही.

आम्ही बहुतेक सगळे ऑफिसवाल्यांची मुलं. पहिल्याच दिवशी अकरा नंबरच्या पोरानं नाक दाबून आरोळी ठोकली, "आला, आला, बाजार आला!"

ही म्हणाली, "घट्ट धर रे नाक. नाय तर गळून पडंल."

आम्ही इतके हसलो! अकरा नंबरसुद्धा हसला. डोळे बांधायच्या खेळात तर तिनं कमालच केली. खोडावर नुसता तळवा टेकवला आणि म्हणाली, "भेंडी. भाजीची नाय हां. आमचे होडीला हाच लाकूड लागतं." बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला हेवा वाटला, पण गोड हेवा. त्या दिवसापासून आम्ही दोघी वाफ्यांच्या मधल्या पट्टीवर बसून बडबड करायचो.

वर्गाच्या शेवटी कोणी मोठे साहेब वाफे बघायला येणार होते, आणि ज्यांचे वाफे चांगले त्यांना एक दिवस ट्रकमधून बोरिवलीच्या रानात नेणार होते. मला ट्रकचीच हौस. पण आठला डोंगर बघायचा होता.

"बा सांगतं, दर्यातून परत येताना पयला तो डोंगर दिसतं. डोंगर दिसला का घर आला," ती म्हणायची. "मना तो जवळून बघाचा हाय गो."

म्हणून ती वाफ्यासाठी जीव टाकायची. बागेची विहीर मेमध्ये तळाला जायची, हौदात गुडघाभर पाणी. ते आम्ही झारीनं घालायचो. ही मात्र आईच्या टोपलीतली मासळी धुतलेलं पाणी डब्यातून आणायची. घाण वास! पण तिची माठाची भाजी काय तरारली, माझ्या दुप्पट. झेंडूला सगळ्यात आधी कळ्या तिच्याच.

वासावरून एकदा अकरा नंबरचे वडील बागेत आले, कोट घालून, त्या उन्हात. बाईंना म्हणाले, "आमची मुलं इथे झाडं बघायला येतात, मासळीबाजार हुंगायला नाही." बाईंनी मान खाली घातली. मग आठला म्हणाल्या, "उद्यापासून हौदातलंच पाणी घाल हं बाळ."

"हौदान पानी कुठं हाय, बाई?" ती म्हणाली, आणि डबा आणतच राहिली.

साहेब यायच्या आधी चार दिवस दोन रंगारी आले. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, वाफ्यांच्या विटांना चुना, कठड्यांना चुना. सगळी बाग नटवली. आणि त्याच दिवशी मला पहिल्यांदा पाळी आली.

ते काय असतं ते मला माहीत होतं. मोठी बहीण दर महिन्याला गोणपाटावर कोपऱ्यात बसायची, तिचं ताट-वाटी वेगळं. तुळशीकडे जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात नाही, झाडाला शिवायचं नाही. शिवलं तर झाड जळतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. घरातल्या भिंतींसारखं ते होतंच. आईला सांगितलं तर चार दिवस मी पण गोणपाटावर, म्हणजे वर्ग गेला, ट्रक गेला. मी सांगितलं नाही. जुन्या परकराचं फडकं फाडून घेतलं, मोरीत लपून धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी बागेत गेले.

झारी भरताना हौदातलं पाणी दुधासारखं दिसलं. मी पाहिलं. खरंच पाहिलं होतं हो! तळाला पांढरा गाळ होता, काठावर ब्रशचे फराटे होते. पण माझं सगळं लक्ष मागे डाग पडला असेल का यात. दोन दिवस मी तेच पाणी घातलं, सगळ्यांनी घातलं. आणि रोपांना हात लागू नये म्हणून मी झारी लांबून धरत होते. तरी एकदा झेंडू कलला होता, तो सरळ केला. या दोन बोटांनी.

तिसऱ्या दिवशी सगळे वाफे करपलेले. माझा, सहाचा, अकराचा, पार टोकापर्यंत. सगळे. फक्त आठ नंबरचा हिरवागार.

मुलं रडायला लागली. मी रडले नाही. माझ्या डोक्यात एकच, मी केलं हे. माझ्या दोन बोटांनी एवढी मोठी बाग जाळली.

"हिनंच!" अकरा नंबर किंचाळला. "हिनं ते घाण पाणी आमच्यात ओतलं! हिचा बरा वाचला!"

"मी कशाला ओतू?" आठ म्हणाली. "बाई, त्यो हौद बगा ना..."

पण तोवर कोटवाले वडील आत आले होते, त्यांच्यामागे आणखी दोघं-तिघं. सगळे एकदम बोलत होते. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या आम्हा मुलांकडे वळल्या. "कोणाला काही माहीत आहे का? कोणी काही पाहिलंय? घाबरू नका, सांगा."

बाईंची नजर एकेकावरून फिरत माझ्यावर आली. मी शेजारची ना. हिनं दुसऱ्याच्या वाफ्यात थेंबही टाकला नव्हता हे मी छातीठोक सांगू शकत होते. तेवढंच सांगायचं होतं! पण मला वाटलं, तोंड उघडलं की पुढचं पण बाहेर पडणार. ती नाही तर मग कोण? अकरा नंबरसमोर, त्या पुरुषांसमोर, मी.

आठ पण माझ्याकडेच बघत होती. रागानं नाही. सांग ना गो आता, अशी.

मी जमिनीकडे बघितलं.

"साहेब येऊन जाईपर्यंत तू येऊ नकोस," बाई तिला म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. आठनं डबा उचलला. कुंपणापाशी थांबली, वळून एकदा वाफा पाहिला, आणि गेली बाजाराकडे.

आता सगळ्यात वाईट ते लिहिते. ज्या सकाळी साहेब येणार, त्या सकाळी बाईंनी मला बाजूला घेतलं. एकच वाफा हिरवा, आणि त्याचं माणूस हजर नाही. साहेबांना काय दाखवायचं? त्यांनी आठची पाटी उपटली आणि तिथे सातची रोवली. "तू शेजारचीच. तुझाच समज," म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. झेंडू फुलला होता.

बाकीचे वाफे जळले तरी साहेबांनी सगळ्यांनाच न्यायला सांगितलं, आणि मी बोरिवलीला गेले. ट्रकमध्ये सगळे ओरडत होते, पुरी-भाजी होती, नदीत पाय सोडले. डोंगर जवळून डोंगरासारखा दिसतच नाही. नुसते दगड, चढ आणि वाळकी झाडं. एका झाडाखाली बाईंनी मला पान हुंगायला दिलं, तर मी दोन्ही हात पाठीमागे नेले. "अगं घे ना!" नाही घेतलं. पाळी केव्हाच संपली होती. तरी नाही.

पुढच्या सुट्टीत बाईंची बदली झाली होती, मी पण गेले नाही. पण हात मागेच राहिले. शाळेत कुंड्यांचं काम आलं की मी काहीतरी निमित्त काढून घरी राहायचे. बहिणीच्या लग्नात वेण्या करायला बसवलं, तर मी दोरा धरून बसले, फुलं ओवली नाहीत. लोक म्हणायचे, पोरगी आळशी. बाजारात जायचं तर भाजीच्या बाजूनं जायचं, मासळीच्या बाजूनं कधीच नाही. सहा वर्षं! आणि परवा तो रंगारी शिडीवरून बिडी ओढत सांगतो, चुन्यानं झाड मरतंय.

आज सकाळी ऑफिसला निघाले ती आधी बाजारात गेले. मासळीच्या बाजूला. तिची आई बसायची त्या जागी ती बसली होती. आईसारखंच लुगडं कासोट्याचं, केसात अबोली, हातात कोयता. मी समोर उभी राहिले, साडीचा पदर नाकाला लागला होता तो पटकन खाली केला.

"ओळखलंस? मी सात."

तिनं वर बघितलं. थोडा वेळ लागला. "हां. बागेतली."

"अगं, तो चुना होता," मी भडाभडा बोलायला लागले. "रंगाऱ्यांनी हौदात बादल्या धुतल्या होत्या. म्हणून सगळ्यांचे जळले. तुझा वाचला कारण तू तुझं पाणी घालत होतीस. मला परवा कळलं!"

"मना तवाच ठावं होता," ती म्हणाली. कोयता थांबला नाही. "हौद पांढरा झालेला ना. मी बोललू पन बाईंना."

"मग मला का नाही सांगितलंस?"

आता कोयता थांबला. "तू रोज तेच हौदातून झारी भरायचीस. तुना दिसत नव्हता?"

मला सांगायचं होतं. पाळीचं, दोन बोटांचं, पाटीचं. पाटीचं तर सांगायलाच हवं होतं. तिला अजूनही माहीत नाही की तिचा झेंडू माझ्या नंबरावर फुलला. पण तोंडातून निघालं ते हे, "डोंगर बघितलास का गं नंतर?"

"कुठला डोंगर?" तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. मग आठवलं असावं. "बा गेला दोन वरसं झाली. दर्यातून कोन येनार हाय आता?"

तिनं टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं.

"बोंबील ताजे हायत. देऊ?"

"आमच्याकडे खात नाहीत," मी म्हटलं. सवयीनं.

"मग बाजूला हो गो. गिऱ्हाईक उभा हाय."

मी बाजूला झाले.

घंटा झाली, साहेब येतील, डबा तसाच राहिला. उद्या परत जाईन म्हणतेय. पण काल पण मी असंच म्हणत होते की सगळं सांगेन. तुम्ही सांगा, तुमचं झालंय का असं कधी? दुसऱ्याचं काहीतरी तुमच्या नावावर लागलं आणि तुम्ही खाली बघत राहिलात? नंतर गेलात का सांगायला? आणि गेलात, तर पहिलं वाक्य काय बोललात?