सतरा नंबरचं वाक्य

शाळेत तिला सगळे अलंकारबाई म्हणत. अंगावर फुटका मणी नाही आणि नाव काय, तर अलंकारबाई! पोरांनी ठेवलेलं नाव ते. पुढे शिक्षकांच्या खोलीतही तेच रुळलं, आणि खरं सांगायचं तर बाईला ते मनातून आवडायचं.

एकतीस वर्षं तिनं नववी-दहावीला भाषा शिकवली. उपमा, रूपक, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती. बाकीचे शिक्षक पुस्तकातली तीच चार उदाहरणं वर्षानुवर्षं घोटत बसायचे. बाईला त्याची भारी चीड. "अरे, माणसं दिवसभर अलंकारात बोलतात," ती वर्गावर ओरडायची, "कान काय नुसते चष्मा अडकवायला दिलेत का?" ती स्वतः कान टवकारूनच जगायची. बसच्या रांगेत, दवाखान्यात, शेजारणींच्या भांडणात कुणी झकास वाक्य टाकलं की बाईची वही बाहेर. दर शनिवारी त्यातली वीस वाक्यं निवडून ती एक कागद काढी. डावीकडे वाक्य, उजवीकडे अलंकार ओळखायला रिकामी जागा. कागद इतका नामी असायचा की दुसऱ्या गावांतले शिक्षकसुद्धा तो मागवून आपल्या मुलांकडून सोडवून घेत. नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर जपून बोला रे बाबांनो, उद्या फळ्यावर दिसाल." सगळे हसायचे.

लेक एकुलती एक. लग्न होऊन बसनं तीन तासांवरच्या गावी गेली. दर रविवारी तिचा फोन यायचा. पोरीची जीभ आईवरच गेलेली, सरळ बोलेल तर शपथ. सुरुवातीला नुसत्या गमतीजमती. मग एका रविवारी ती म्हणाली, "आई, मी म्हणजे या घरातलं पायपुसणं आहे बघ." बाईनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि वहीत टिपलं: रूपक. पुढे एकदा म्हणाली, "माझ्या खोलीचं दार चुगलखोर आहे. मी रडले की लगेच जाऊन सासूबाईंना सांगतं." बाई हरखलीच. चेतनगुणोक्तीचं इतकं ताजं उदाहरण दहा वर्षांत मिळालं नव्हतं! "थांब थांब, परत सांग गं," ती म्हणाली. लेकीनं परत सांगितलं. आता काय म्हणावं या बाईला?

दुष्ट नव्हती हो ती. लेकीवर जीव ओवाळून टाकायची. पण आयुष्यभर एकच काम केलं की माणसाला दुसरं ऐकूच येत नाही. बाईला वाटे, पोर अजून इतकं रंगवून बोलते आहे, म्हणजे तिचं बरं चाललंय.

शेवटचा तसा फोन आला तेव्हा लेक रडत होती. "आई, सकाळपासून हजार वेळा मेले मी."

"अतिशयोक्ती!" बाई सवयीनं बोलून गेली, आणि वर हसलीसुद्धा.

पलीकडचं रडणं थांबलं. मग लेक म्हणाली, "आई, मी उदाहरण देत नाहीये गं."

"अगं हो, कळतं मला. नवं घर आहे, दिवस लागतात थोडे," असं काहीतरी बाई बोलली. त्या शनिवारच्या कागदावर सतरा नंबरला दाराचं वाक्य गेलं.

त्यानंतर रविवारचे फोन दोन मिनिटांत आटोपू लागले. "बरी आहे. जेवण झालं. ठेवते." बाईनं नवऱ्याला सांगितलं, "रमली हो आपली पोर. आता कसली तक्रार म्हणून नाही." नवरा म्हणाला, "गप्प झालीय ती." बाईनं त्याला उडवून लावलं.

चार महिन्यांनी शिक्षकांच्या एका शिबिरात लेकीची नणंद भेटली. तीही शाळेत शिकवायची. "तुमचा कागद आमच्याकडेही येतो हं," ती गोड हसून म्हणाली, "मी घरी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. सतरावं वाक्य आमच्या आईला लगेच ओळखू आलं." शिबिर अर्ध्यावर टाकून बाईनं लेकीच्या गावाला जाणारी पहिली बस पकडली.

विहीणबाईंनी तोंडभरून स्वागत केलं. या, बसा, पाणी घ्या. पाणी घेता घेता बाईची नजर आतल्या खोलीकडे गेली. चौकटीला बिजागऱ्या होत्या, दार नव्हतं. आत लेकीचा पलंग, कपाट, सगळं बाहेरच्या खोलीतून उघडं दिसत होतं. "चुगल्या करायचं म्हणे ते," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काढूनच टाकलं."

लेक गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होती. वाळली होती. बाईनं धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले. "चल. आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर. माझंच चुकलं गं. मला ऐकूच आलं नाही."

"मी बरी आहे," लेक म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. दार बघितलं मी. मारतात का तुला? काय करतात? काय वाटेल ते बोल, मी कुठे लिहिणार नाही, तुझी शपथ." बाई हमसून हमसून रडायला लागली. एवढी मोठी बाई, पण लहान पोरासारखी लेकीच्या पदराला धरून उभी राहिली.

लेकीनं सावकाश तिचा हात सोडवला. राहिलेले दोन टॉवेल दोरीवरून काढले, घडी केली. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही, काही म्हणता काही नाही. "तीन वेळा सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "आता सांगण्यासारखं काही नाही. जेवण मिळतं. झोप येते. मी बरी आहे."

"अगं पण..."

"पाचची बस असते. तुम्ही निघा, नाहीतर चुकेल."

जन्मात कधी तिनं आईला अहोजाहो केलं नव्हतं. कपड्यांचा गठ्ठा उचलून ती खाली गेली. बाई थोडा वेळ गच्चीवरच उभी राहिली आणि मग पाचच्या बसनं एकटी परत आली.