बरी झालेली बाई

धोंडबा धकातेच्या टिनाच्या शेडमध्ये नवं म्हणावं असं काहीच नव्हतं. धंतोलीतल्या दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत तो आजारपणाच्या जुन्या वस्तू विकायचा. लोखंडी खाटा, कुबड्या, बेडपॅन, चाकाच्या खुर्च्या. घराणं कोष्ट्यांचं. बापाचा माग बंद पडला तेव्हा हातात विणकाम तेवढं उरलं, म्हणून खुर्च्यांचा वेत आणि खाटांची निवार विणता विणता तो या धंद्यात शिरला. यवतमाळपासून गोंदियापर्यंतचे लोक रोगी घेऊन धंतोलीत यायचे. नवी वस्तू परवडायची नाही. मग कोणीतरी सांगायचं, धोंडबाकडे जा.

जुना माल विकणाऱ्याच्या नशिबी भांडणं ठेवलेलीच असतात. एक गडी कुबडी आखूड निघाली म्हणून तावातावानं परत आला. धोंडबानं कुबडीचं टोक नाकाशी नेलं. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास. "करवत कोणाची होती गा?" एवढंच त्यानं विचारलं. काटोलच्या एका शेठनं खाटेत ढेकूण निघाले म्हणून सारी गल्ली डोक्यावर घेतली. "माह्या शेडात कोणी झोपत नाही जी," धोंडबा म्हणाला, "इथचे ढेकूण उपाशी मेले असते. हे चांगले खाऊनपिऊन टम्म झालेले दिसून राहिले." शेठ खाट घेऊन मुकाट्यानं गेले.

पण एक तक्रार अशी होती की तिच्यापुढे त्याची जीभ चालायची नाही. ही मेलेल्याची खाट आहे, परत घ्या. शेजारपाजारचं कोणीतरी कानात काहीतरी सोडून द्यायचं, आणि घरची बाई रडतच शेडवर यायची. खाट कितीही धडधाकट असो, त्यावर तिचा माणूस आता झोपणार नसे. लोकांना काय, कानात सोडायला पैसे पडत नाहीत.

यावर धोंडबानं एक नियम केला. वस्तू विकायला रोग्यानं स्वतः यायचं, आपल्या पायांनी चालत. नातेवाइकांनी आणलेल्या मालाला तो हात लावायचा नाही, मग फुकट का देईनात. आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "अमक्या गावचा माणूस यातून उठला, चालत येऊन देऊन गेला. खोटं वाटत असंल तर चला, भेटवून आणतो." आणि खरंच भेटवायचा. एका शंकेखोर बाईला तो शेड बंद करून एस.टी.नं उमरेडला घेऊन गेला होता. तिथे तो बरा झालेला माणूस मागावर बसून पाय मारत होता. बाई दारातूनच हात जोडून परतली. खरं तर लोक धोंडबाकडून खाट नव्हतेच घेत. तो चालता झालेला माणूस घेत होते.

धंद्याची पंधरा वर्षं अशी गेली. मग जयवंता पडली. जयवंता त्याची बायको. मणक्याचं काहीतरी झालं आणि कमरेखालचं अंग गेलं. धोंडबानं शेडमधली सगळ्यात चांगली खुर्ची घरी नेली. तिचा जुना वेत काढून नवा विणला, इतका बारीक की जयवंता म्हणाली, "खुर्ची हाये का लुगडं गा हे?" चौदा महिने ती त्या खुर्चीत होती. चौऱ्याहत्तर सालच्या भाद्रपदात, एका दुपारी, ती त्याच खुर्चीत गेली.

तेरवी झाल्यावर धोंडबानं खुर्ची शेडमध्ये आणून भिंतीकडे तोंड करून ठेवली. ती विकायची नव्हती. ती घरात बघवत नव्हती, एवढंच.

दिवाळीनंतर आर्वीहून वच्छला नावाची एक बाई आली. नवरा चंपतराव जिनिंगमध्ये मुकादम होता. कापसाच्या गाठीखाली सापडला, पाय गेले. तिला चाकाची खुर्ची हवी होती, आणि शेडमध्ये तेवढी एकच होती. धोंडबा नाही नाही म्हणत राहिला. बाई हलेना.

"कोणाची हाये ही?" तिनं विचारलं.

पंधरा वर्षांच्या सवयीनं तोंड उघडलं. "आमच्या घरचीची. उठली ती यातून. चालत येऊन देऊन गेली."

त्याला नुसती सवयच म्हणणं बरोबर नाही. ते वाक्य एकदा, फक्त एकदाच, आपल्या कानांनी ऐकावं असं त्याला वाटलं होतं. ऐकलं, आणि इतकं बरं वाटलं की परत घेववेना. खुर्ची गेली.

तीन आठवड्यांनी वच्छला पुन्हा दारात उभी राहिली. हिला कोणीतरी सांगितलं असणार, धोंडबाला वाटलं. तो पैसे काढायला उठला.

"पैशे नको, भाऊ. खुर्ची बेस हाये," ती म्हणाली. "पण त्यांनी चार दिवसांपासून अन्न टाकलं. डॉक्टर म्हणते, खाल्लं नाही तर हातचा माणूस जाईल. मी त्यांले म्हटलं, याच खुर्चीतली बाई उठून चालून राहिली. तर म्हणते, मले दाखव. ती बाई डोळ्यांनी पाहिली की जेवतो. आता वैनीले घडीभर घेऊन चला. तुम्ही भेटवता म्हणून साऱ्यांनी सांगितलं मले."

धोंडबा खाटेवर बसला. मग त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, खुर्चीत मान कशी कलली तेही.

"काहून फसवलं मले?" वच्छला म्हणाली.

"चुकलो, बाई. आणा खुर्ची, आत्ता परत घेतो."

"अन् ती परत करून त्यांले काय सांगू? बाई मेली म्हणून सांगू?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "चला. तुम्हीच चला आता. तुम्हीच सांगा त्यांले, कशी उठली ते."

दवाखान्यासाठी घेतलेल्या भाड्याच्या खोलीत चंपतराव खुर्चीत बसला होता. गालफडं बसलेली, हात मांडीवर टाकलेले. धोंडबाला पाहून त्यानं त्याच्या मागे पाहिलं.

"वैनी नाही आल्या?"

"घरी हाये जी. सैपाक करून राहिली."

"पहिले काय हललं?" चंपतरावानं विचारलं. बाकी काही नाही, तेवढंच.

"डाव्या पायाचा अंगठा," धोंडबा म्हणाला.

चौदा महिने रोज सकाळी त्यानं त्या अंगठ्याकडे पाहिलं होतं. तो कधी हलला नाही. पण हललाच तर काय काय होईल, हे त्याच्याजवळ सगळं तयार होतं. दाराची चौकट धरून ती पहिल्यांदा कशी उभी राहिली. विहिरीपर्यंत गेली आणि दमून पायरीवर बसली. पोळा कसा जवळ आला होता आणि तिनं पुरण स्वतः वाटायचा हट्ट धरला. तो सांगत गेला. एकही शब्द शोधावा लागला नाही.

"उभी राहिली तेव्हा काय म्हणाली?"

हे मात्र त्यानं कधी ठरवलं नव्हतं. धोंडबाचं तोंड उघडं राहिलं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते थांबवता येईना. मोठ्या माणसानं अनोळखी घरात असं रडू नये, हे त्याला कळत होतं.

चंपतराव त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "पाह्य वं," तो बायकोला म्हणाला, "आनंदानं माणूस असा रडते. भात वाढ."

वच्छलानं ताट आणलं. चंपतराव जेवला, आधी चिमणीच्या चोचीएवढा घास, मग मोठा. वरणाला मीठ कमी आहे म्हणाला. वच्छला चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

हात धुतल्यावर त्यानं धोंडबाचा हात ओल्या हातांनी धरला. "नशीबवान हाये तुम्ही, धोंडबाभाऊ. जा आता. वाट पाहून राहिली असंल ती."

"हो जी," धोंडबा म्हणाला. "पाहून राहिली असंल."

पण त्याला उठता येईना. तो तिथेच, चंपतरावाच्या हातात हात ठेवून, बसून राहिला.