मागे न घेतलेलं वाक्य

ती सातवीत माझ्या वर्गात आली तेव्हा तिचं वाचन ऐकून मी हातातलं काम थांबवलं होतं. मी पूर्व नागपुरातल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. आमची शाळा आठवीपर्यंतच आहे. एवढ्या वर्षांत इतकं स्वच्छ वाचणारी मुलगी मला क्वचितच भेटली होती. जोडाक्षराला अडखळणं नाही, स्वल्पविरामाला थांबणं, प्रश्नाला आवाज वर जाणं, सगळं जागच्या जागी.

एकदा कोकणातल्या एका गावाचा उतारा होता. ‘ओहोटी लागली होती आणि किनाऱ्यावरच्या होड्या कलंडल्या होत्या,’ असं त्यात वाक्य होतं. तिनं ते सुरेख वाचलं. मी विचारलं, "होड्या का कलंडल्या असतील?"

तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "वारा आला असन, मॅडम."

वर्ग हसला. मला वाईट वाटलं, पण मीही मनात एक शिक्का मारून मोकळी झाले. त्यानंतर विज्ञानाच्या सरांनीही तेच सांगितलं. धडा घडाघडा वाचते, प्रश्नाचं उत्तर मात्र देता येत नाही.

सहामाहीनंतर पालकांची सभा झाली. तिचे वडील कळमेश्वरच्या एका कारखान्यात कामाला होते. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले होते, आणि अंगावर कारखान्याचाच शर्ट होता. ती त्यांच्या शेजारी उभी होती. मी म्हणाले, "वाचते छान हो, पण वाचलेलं तिला समजत नाही."

त्यांनी मान हलवली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वहीच्या कव्हरचा कोपरा दुमडत राहिली. माझ्यापुढे अजून तीसेक पालक बसायचे होते. मी पुढचं नाव पुकारलं.

पुढल्या वर्षी, आठवीत, इतिहासाच्या तासाला मी विणकरांवरचा एक उतारा दिला. त्यात एक ओळ होती, ‘पावसाळा आला की विणकरांच्या घरी चूल विझे.’ मी कारण विचारलं. पुस्तकात ते कुठंच नव्हतं. हुशार मुलंसुद्धा अंदाज करू लागली. कुणी म्हणालं, घर गळत असेल. कुणी म्हणालं, गिऱ्हाइकं येत नसतील.

ती हात वर न करताच उठली.

"पावसात ताण्याचे उभे धागे गल्लीत पसरवता येत नाही, मॅडम. सुताले खळ लावतात, ते वाळाले ऊन लागते. ओलं सूत मागावर चढवलं की तुटते. मंग कापड कुठून होईन? अन् कापड नाही तं पैसे नाही."

एवढं बोलून ती खाली बसली आणि मग पुन्हा उठून म्हणाली, "आमचे आजोबा पावसाळ्यात हमाली कराले जात होते."

त्यांच्या घरात तीन पिढ्या माग चालला होता. तिच्या वडिलांनी तो विकला, तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती. पण सगळं तिच्या डोळ्यांत होतं. म्हणूनच पुस्तकानं न सांगितलेलं तिला दिसलं. आणि समुद्र? तो तिनं कधी पाहिलाच नव्हता. पाणी रोज मागे सरतं, होडीखालची जमीन उघडी पडते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. तिला वाचता येत होतं, तिला समजतही होतं. समजायला जे हाताशी लागतं, ते आम्ही दिलं नव्हतं आणि वर नापास तिलाच केलं होतं.

विज्ञानाच्या सरांशी मी बोलले. आम्ही दोघांनी ठरवलं की दोन-दोन आठवडे एकच विषय घ्यायचा, भाषेत, विज्ञानात, इतिहास-भूगोलात. धडा उघडण्याआधी त्यातलं जग मुलांपुढं मांडायचं. पाणी घेतलं तेव्हा सरांनी घमेल्यात वाळूचा उतार केला, कागदाची होडी सोडली आणि पाणी हळूहळू काढून घेतलं. होडी कलंडली तशी ती मोठ्यानं हसली. इतकं मोठ्यानं हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"मले तं वाटलं होतं समुद्र विहिरीसारखा एका जागी राह्यते!"

त्या वर्षी ती प्रश्नांमागून प्रश्न विचारायची. काहून, कसं, कवा. मौद्याच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो तर वीज तारेत कशी शिरते, इथपासून न्यायाधीश चुकला तर त्याला कोण सांगतं, इथपर्यंत. वार्षिक परीक्षेत तिला साधारणच गुण मिळाले. सात वर्षांची तूट एका वर्षात भरून निघत नाही. पण मी खूश होते. तिला किती समजतं, ते मला दिसत होतं.

मला दिसत होतं, एवढंच. तिच्या वडिलांना बोलावून ते सांगावं, हे मला सुचलं नाही. त्या वर्षीच्या सभांना ते आलेच नव्हते. सुट्टी मिळाली नसेल, म्हणून मी सोडून दिलं.

जूनमध्ये कळलं की तिनं नववीला कुठंच प्रवेश घेतलेला नाही. मी घर शोधत गेले. वडिलांनी खुर्ची पुसून दिली, तिच्या आईनं चहा ठेवला. ती दाराआड उभी होती.

मी म्हणाले, "तिला शिकवा. फार हुशार आहे ती."

वडील अगदी अदबीनं म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तं सांगितलं होतं, तिले समजत नाही म्हणून. नववीची शाळा दूर आहे. दोन बसा बदला लागते. समजतच नाही तं पोरीले कायले तरास द्यावा?"

"माझं चुकलं होतं. ते खरं नव्हतं."

"तुम्ही मोठ्या मनाच्या आहा," ते म्हणाले. मी दया करून बोलते आहे, असं त्यांना वाटलं.

मी तासभर समजावत राहिले. घमेलं, होडी, विणकरांचा उतारा, सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि शेवटी गुणपत्रिका आणून माझ्यापुढं ठेवली. त्यानंतर मी दोनदा गेले, एकदा मुख्याध्यापिकांना घेऊन. चहा दर वेळी मिळाला.

तीन वर्षांनी ती मला सीताबर्डीत दिसली, साड्यांच्या दुकानात. एका बाईला पदर उलगडून दाखवत होती. "हे हातमागाचं नाही, काकू, मशीनचं आहे. काठ पाहा ना उलट्या बाजूनं." मालकानं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मला पाहून ती लाजली. मी दहावीची परीक्षा बाहेरून देण्याचं बोलले. फॉर्म मी भरते, पुस्तकं मी देते, रविवारी शिकवते.

"बाबाले इचारा लागन," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "मॅडम, अजूनही ते दोन आठवडे-दोन आठवडे करून राहिल्या का तुम्ही?"

"हो."

"आता कोणता विषय चालू आहे?"

"जंगल."

तिला आणखी काही विचारायचं होतं. तेवढ्यात मालकानं हाक मारली आणि ती साड्यांची थप्पी उचलून आत गेली.

पंधरा दिवसांनी फॉर्म घेऊन गेले, तर तिच्या जागी दुसरी मुलगी होती. पुढल्या वर्षी तिच्या वर्गातल्या एकीनं सांगितलं की तिचं उमरेडकडे लग्न करून दिलं.

आमचे दोन-दोन आठवडे चालू आहेत. आता इतर शिक्षकही त्यात आलेत, आणि मुलं धडे समजून वाचतात. परवा मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. मी उभी राहून नमस्कार केला आणि खाली बसल्यावर मान वर करू शकले नाही.